वाळूवरची कमान

आमच्या सोफ्याच्या बरोबर डोक्यावर समुद्र आहे. वरच्या मजल्यावर, त्याच भिंतीला लागून, काचेच्या टाकीत भरलेला. पाहुण्यांना हे सांगायला मला फार आवडायचं. त्यांनी चहाचा कप तोंडाला लावला की मी छताकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "घाबरू नका हं, अजून तरी गळलेलं नाही." पाहुणे लवकर उठायचे. ज्यांनी लवकर उठावं असं वाटायचं, त्यांना मी हे आल्या आल्याच सांगायची. हल्ली सांगत नाही. का, ते पुढे येईलच.

हा समुद्र बांधणारा माणूस म्हणजे आमचे टेकूभाऊजी. खरं नाव सांगून उपयोग नाही, इमारतीत ते कोणाला आठवत नाही. टेकू हे नाव मी ठेवलं आणि ते लगेच चिकटलं, कारण भाऊजींच्या घरात टेकू नसलेली वस्तू शोधावी लागते. टेबलाच्या पायाखाली पुठ्ठ्याची घडी, कपाटाला मागून साखळी, दाराला रबराची पाचर, फुलदाणीच्या बुडाला चिकटपट्टी. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा पंख्याखालची खुर्ची सोडून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसले आणि जेवण होईपर्यंत वरच बघत राहिले. मी विचारलं, "भाजी कशी झालीय?" तर म्हणाले, "हुक बदलून घ्या वहिनी."

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. पण भीतीत इतका कामसू माणूस दुसरा नाही. बाकीचे घाबरले की पांघरूण ओढून घेतात. हे घाबरले की ड्रिल मशीन काढतात.

यात गंमत अशी की भाऊजींचा धंदाच काचेचा. दोन रस्ते सोडून दुकान आहे. काचेचे उभे तक्ते जाड कापड लावलेल्या लाकडी घोड्यांना टेकवून ठेवलेले, मधून एक माणूस जाईल एवढी वाट. त्या वाटेनं भाऊजी कुशीवर चालतात, खेकड्यासारखे, आणि कधी पटकन वळत नाहीत. घरीही तसेच चालतात. मी एकदा विचारलं, "एवढी भीती वाटते तर काचेच्या धंद्यात पडलात कशाला?" तर म्हणाले, "धंद्यात पडलो म्हणून तर वाटते." मग त्यांनी सांगितलं, की तरुणपणी एका दुपारी त्यांच्या डोळ्यांसमोर एक अख्खा तक्ता आपोआप फुटला होता. कोणी हात लावला नव्हता, वारा नव्हता, काही नव्हतं. उभा होता, आणि मग नव्हता. "काच वजनानं फुटत नाही वहिनी," ते म्हणाले. "वजन सगळीकडे सारखं पसरलं तर ती हत्ती पेलेल. काच फुटते एका टोकानं. खाली खडीचा एक कण राहिला ना, संपलं."

हे वाक्य लक्षात ठेवा. सगळं रामायण त्यातूनच झालं.

अशा माणसाला बायको मिळाली ती ताई. ताई म्हणजे पोहण्याच्या तलावावरच्या बाई. या भागातली निम्मी पोरं तिनं पाण्यात ढकललेली आहेत. गळ्यात शिट्टी, पायात रबरी सपाता, आणि आवाज असा की तलावाच्या त्या टोकाचं पोरगं या टोकाची शिवी ऐकून हातपाय सरळ करायचं. भाऊजी तलावाच्या कचेरीची खिडकी बसवायला गेले होते, तिथंच जमलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, भाऊजींना अजून पोहता येत नाही. "शिकवलं नाहीस का गं?" विचारलं तर ताई म्हणायची, "शिकवायला आधी पाण्यात उतरावं लागतं."

मग ताईला झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आवाजही बसला. हळूहळू पाय थोडा परतला. काठी आणि भाऊजींचा खांदा धरून न्हाणीघरापर्यंत जाते. बोलणंही परतलं, पण मोजकं. आजारपणानंतर तिनं नवऱ्याला 'अहो' म्हणणं सोडून दिलं. म्हणाली, "श्वास कमी आहे. अहो-जाहो परवडत नाही." तेव्हापासून सरळ अरे-तुरे. मला वाटतं भाऊजींना ते आवडलं असावं.

पण दिवसभर ती खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघायची. टीव्ही नको, रेडिओ नको, मी नको. हे शेवटचं मला जरा लागलं. एक दिवस भाऊजींनी अगदी काकुळतीला येऊन विचारलं, "तुला काय आणू सांग."

"पाणी," ताई म्हणाली.

भाऊजी धावत जाऊन पेला भरून घेऊन आले.

ताईनं पेल्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं. "प्यायला नाही रे. बघायला."

झालं. भाऊजींनी दुकानातली सगळ्यात जाड काच काढली, कडा घासल्या, सिलिकॉननं सांधे भरले आणि खुर्चीसमोरच्या भिंतीला पलंगाएवढी टाकी उभी केली. खाली लोखंडी घोडा, त्यावर प्लायवूड, त्यावर थर्माकोल, आणि प्रत्येक थरावर पाणसळ ठेवून पातळीची तपासणी. मी म्हटलं, "भाऊजी, आमच्या डोक्यावर आहे बरं का." ते म्हणाले, "मला माहीत आहे वहिनी. तुमचा सोफा जरा उजवीकडे घ्या." मी हसले. मग घरी जाऊन सोफा उजवीकडे घेतला.

आधी त्यात गोड्या पाण्यातले सोनेरी मासे सोडायचे ठरलं होतं. ताई म्हणाली, "तळं नको. समुद्र." म्हणून मग खास मीठ आलं, खारटपणा मोजायचं यंत्र आलं, लाटा करणारे पंप आले, आणि भोकाभोकांचे समुद्री दगड आले. हे दगड म्हणजे या टाकीचा जीव. त्यांच्या भोकांत सूक्ष्म जीव राहतात आणि पाणी स्वच्छ ठेवतात. त्यांच्यावरच प्रवाळ धरतं, त्यांच्यातच मासे लपतात. ताईला त्यांची कमान हवी होती. "मासे खालून गेले पाहिजेत," ती म्हणाली.

दगड विकले ती मासेवाली, खाऱ्या पाण्याच्या माशांचं दुकान चालवते, तोंडानं फटकळ. तिनं भाऊजींना बजावलं होतं, "आधी दगड तळाशी बसवायचे, मग वाळू. उलटं करू नका." भाऊजींनी मान डोलावली. घरी आले, टाकीच्या तळाच्या काचेकडे बघितलं, हातातल्या दगडाच्या टोकदार बुडाकडे बघितलं, आणि अंगावर काटा आला. उघडी काच, त्यावर टोकदार दगड! आयुष्यभर ज्याला भ्यायचं तेच स्वतःच्या हातानं करायचं? छे. त्यांनी आधी वाळूची जाड गादी घातली, हातानं थोपटून सपाट केली, आणि त्या गादीवर अलगद एकावर एक दगड रचून कमान उभी केली. कसं सुरेख दिसायचं! ताई बघून हसली, झटक्यानंतर पहिल्यांदाच. तोंड एका बाजूनं हसलं, पण हसलं.

काही दिवसांनी ताईच्या हट्टानं एक पिवळा मासा आला. बोटाएवढा, तोंड वाकडं, मोठ्या साहेबासारखा भाव. तो आधीच्या माशांसारखा फिरायचा नाही. कमानीच्या डाव्या पायाशी एका भोकाच्या तोंडाशी उभा राहायचा आणि सगळ्या जगाकडे संशयानं बघायचा. मी म्हटलं, "भाऊजींचा धाकटा भाऊ."

आणि तेव्हापासून आवाज सुरू झाला.

टक.

मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा ताईकडे बसले होते. स्पष्ट, कोरडा, काचेवर नख आपटावं तसा. भाऊजी स्वयंपाकघरातून बाहेर आले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता.  त्यांनी टाकीला कान लावला, विजेरी घेतली, सगळ्या सांध्यांवरून नख फिरवलं, तळाशी वाकून बघितलं. काही नाही. ते उठले, तेवढ्यात पुन्हा टक.

"तडकतेय कुठंतरी," ते पुटपुटले. "मला दिसत नाहीये."

त्या दिवसापासून त्या घरात कोणी सरळ श्वास घेतला नाही. भाऊजी दुकानात जायच्या आधी काच तपासत, दुपारी जेवायला येत ते न जेवता काच तपासत. बाहेरून लोखंडी पट्ट्या आवळल्या, कोपऱ्यांना लाकडं ठोकली. टाकी प्लास्टर घातलेल्या पेशंटसारखी दिसायला लागली. आणि मी? मी खाली सोफ्यावर बसायचं सोडलं. जेवताना घास तोंडाशी नेला की छताकडे लक्ष. आमचे हे म्हणाले, "वरच्याचं वारं लागलं तुला." लागलंच होतं. दुसऱ्याच्या भीतीवर हसणं सोपं असतं, पण ती जिन्यावरून खाली उतरून आपल्या घरात आली की हसायला जागा उरत नाही.

पण भाऊजींची खरी भीती माझी नव्हती, सोफ्याची नव्हती, टाकीचीही नव्हती. ताईची खुर्ची. ती टाकीसमोर हातभर अंतरावर, आणि ताईला तिच्यातून एकटीला उठता येत नाही. दिवसभर भाऊजी दुकानात. काच फुटली तर एवढं पाणी आणि सुऱ्यांसारखे तुकडे थेट तिच्या मांडीवर. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, जिन्यात, कठडा धरून.

म्हणून ते निघताना खुर्ची मागे दाराशी नेऊन ठेवत. आणि ताई, ते गेले की डाव्या पायाची टाच फरशीवर रेटून, वल्हं मारावं तशी, टिचभर टिचभर करत खुर्ची पुन्हा टाकीसमोर आणायची. दुपारी भाऊजी येत, खुर्ची पुढे बघत, मागे नेत. 

"अगं, ऐकत जा ना त्यांचं," मी म्हणायची.

"इथूनच दिसतं."

"आणि फुटली म्हणजे?"

"पोहता येतं मला."

एकदा मात्र तिनं माझा हात धरला, जवळ ओढलं आणि हळूच म्हणाली, "दगड हललाय."

मी बघितलं. मला तर कमान होती तशीच दिसली.

"खाली कोणीतरी आहे," ती म्हणाली.

"खाली मीच राहते, ताई."

तिला हसू आलं नाही. "त्याला सांगितलं. तो काच बघतो."

मीही सांगितलं भाऊजींना. ते म्हणाले, "दगड कसा हलेल? गादीवर बसवलाय." आणि विजेरी घेऊन पुन्हा सांध्यांकडे वळले. काचवाला काचच बघणार. त्याला काय ठाऊक, की फुटणारी वस्तू एक आणि फोडणारी दुसरी असते.

ती दुपार मी विसरणार नाही. ताईकडून चाळणी नेली होती, ती परत द्यायला वर गेले. किल्ली माझ्याकडे असतेच. दार उघडलं आणि आतून ताईचा आवाज आला, "दार हळू लाव."

ती खुर्चीत पुढे सरकून बसली होती, गुडघे टाकीच्या घोड्याला टेकलेले, आणि डावा तळहात काचेवर सपाट दाबलेला. माझ्याकडे वळूनही बघितलं नाही. मी तिच्या खांद्यावरून वाकून बघितलं आणि हातातली चाळणी पडू नये म्हणून पोटाशी धरली.

कमानीचा डावा पाय वाळूत खचला होता. माथ्यावरचा मोठा दगड, कुकरच्या आकाराचा, पुढे कलून आला होता आणि त्याची टोकदार कड आतून समोरच्या काचेला टेकली होती. बरोबर ताईच्या हातासमोर. आतून दगड, बाहेरून ताईचा हात, मध्ये काच. बाकीचे मासे मागच्या कोपऱ्यात घोळका करून थिजलेले. खचलेल्या पायाशी पिवळा मासा नेहमीसारखा पहाऱ्यावर, आणि त्याच्या मागून, दगडाखालच्या अंधारातून, कोणीतरी आतून ढकलत असल्यासारखी वाळू बाहेर येत होती. थोडी थांबायची. पुन्हा यायची.

"चल, तुला मागे घेते," मी म्हटलं. 

"हात काढला तर फुटेल."

"अगं, हातानं काय..."

"काढणार नाही."

मी फोन लावला. "भाऊजी, या."

"फुटली?"

"नाही."

"ती कुठं बसलीय?"

मी सांगितलं.  पलीकडे काहीतरी आपटलं आणि पावलं. भाऊजी पळत होते. पळताना मी त्यांना कधी बघितलेलं नाही, तेव्हाही बघितलं नाही, नुसतं ऐकलं. फोन बंद करायचंही त्यांना सुचलं नव्हतं.

ते दारात आले तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती, पण आत आले ते दुकानातल्यासारखे कुशीवर, एकेक पाऊल टाकत. दगड बघितला. तिचा हात बघितला. मला वाटलं हा माणूस आता इथंच कोसळणार. ते तिच्याजवळ उकिडवे बसले आणि इतक्या हळू बोलले की मला जेमतेम ऐकू आलं.

"हात काढ. काचेला तुझी गरज नाही."

"फुटेल."

"फुटायची असेल तर हातासकट फुटेल. काढ."

ताईनं एकेक बोट उचललं. आधी करंगळी, शेवटी अंगठा. काचेवर पंजाचा ओला ठसा राहिला. काही झालं नाही. भाऊजींनी खुर्चीसकट तिला अलगद मागे ओढलं, थेट दाराबाहेर, जिन्यापर्यंत. ती म्हणाली, "एवढं नको. दिसलं पाहिजे." मग उंबऱ्याशी तडजोड झाली.

भाऊजींनी पंपांची बटणं बंद केली, प्लग काढले. टाकीतला दिवा गेला, पाण्याची घरघर थांबली. मग त्यांनी रबरी नळी घेतली, एक टोक टाकीत, दुसरं बादलीत, तोंडानं ओढून पाणी सोडलं. बरोबरच वाटलं मला. पाणी कमी झालं की काचेवरचा भार कमी. बादली भरली, मी दुसरी लावली. टाकीतलं पाणी खाली उतरलं, दगडाचा माथा उघडा पडला, आणि

कर्रर्र.

दगड बोटभर घसरला. काचेवर पांढरी रेघ उमटली.

"थांब!" दारातून आवाज आला. श्वास कमी असलेल्या बाईचा नव्हता तो. तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला जाणारा होता. "पाणी काढू नकोस! भर परत!"

भाऊजी नळी हातात धरून तसेच.

"पाण्यात जड माणूस हलकं होतं," ताई धापा टाकत म्हणाली. "पोरांना मी एका हातावर उचलायची. काठावर यायची तेव्हा जड. दगडाचंही तेच. तू त्याला जड करतोयस."

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं, दगडाकडे बघितलं. मी नळी हिसकली आणि बादलीतलं पाणी तांब्यानं, काठाला लावून, आवाज न करता परत ओतायला लागले. निम्मं माझ्याच अंगावर सांडलं. माथा पुन्हा पाण्याखाली गेला.

"आता हात घाल," ताई म्हणाली. "खालून धर. वर नको उचलूस, आधी मागे घे."

ज्यांना पोहायला शिकवता आलं नाही ते भाऊजी स्टुलावर चढले आणि दोन्ही हात खांद्यापर्यंत समुद्रात घातले. हनुवटी पाण्याला लागली. डोळे मिटलेले. दगडाखाली तळवे गेले.  काचेपासून दगड सुटला तेव्हा कसलाच आवाज झाला नाही. मग तो हळूहळू मागे गेला, वर आला, आणि मी धरलेल्या भरल्या टबात उतरला. टब उचलताना माझ्या कमरेनं जे केलं ते ती अजून सांगते. एकामागून एक सगळे दगड काढले. शेवटचा काढल्यावर भाऊजी स्टुलावरून उतरले, फरशीवर बसले, आणि ओल्या हातांनी तोंड झाकून घेतलं. ताई म्हणाली, "कपडे बदल. सर्दी होईल."

दुसऱ्या दिवशी मासेवाली आली. मासे मोठ्या टबात, दगड बादल्यांत, टाकीत नुसती वाळू. तिनं वाळूकडे एक नजर टाकली. "सांगितलं होतं ना? आधी दगड?"

"हो," भाऊजी म्हणाले.

"मग?"

"भीती वाटली."

 तिनं एक दगड उचलून झटकला आणि त्यातून हातावर काहीतरी पडलं. कोळंबी. पट्टेपट्टेवाली, एक नांगी दुसरीपेक्षा केवढी तरी मोठी. तिनं ती पाण्याच्या वाडग्यात सोडली आणि बोटानं डिवचली. टक. भाऊजी दोन पावलं मागे.

"हा तुमचा आवाज. ही मोठी नांगी वाजवते," मासेवाली म्हणाली. "दगडातून लपून आली असणार. हिला धड दिसत नाही. ही दिवसभर खोदते आणि तो पिवळा दारात उभा राहून पहारा देतो. जोडी असते यांची."

आमच्या इमारतीतले निम्मे संसार असेच चालतात, असं मी म्हणणार होते. पण भाऊजींचा चेहरा बघून म्हटलं नाही. इतके दिवस ते काचेला कान लावून बसले होते, आणि त्यांनीच थोपटून केलेली गादी खालून कोणी उपसत होतं.

मग काम सुरू झालं. वाळू सगळी काढली. काचेवरची ती रेघ भाऊजींनी पुन्हा पुन्हा नखानं तपासली, ती वरवरचा ओरखडा निघाली. उघड्या काचेवर दगड ठेवायला भाऊजींचा हात काही केल्या धजेना. शेवटी मासेवालीनं दिव्यांखाली लावतात तसली प्लास्टिकची चौकटीचौकटीची जाळी तळाशी अंथरायला सांगितली, म्हणजे भार एका टोकावर न येता पसरेल. ते भाऊजींना पटलं. तळाच्या दगडांची बुडं त्यांनी काचेच्या कडा घासायच्या चाकावर घासली, प्रत्येक दगड तीन पायांवर उभा राहील असा. वरच्या दगडांना ड्रिलनं भोकं पाडून आत प्लास्टिकच्या कांड्या घातल्या, आणि सांध्यांना पाण्यातही घट्ट होणारी पुट्टी भरली. कमान एकसंध झाली. मग भोवतीनं वाळू ओतली, पाणी भरलं.

"हलव," ताई म्हणाली.

"बसलीय चांगली," भाऊजी म्हणाले.

"हलव."

आता बघा, हा माणूस जन्मभर वस्तूंना टेकू देत आला. एखादी वस्तू मुद्दाम हलवून बघायची, हे त्यांनी कधी केलेलं नाही. त्यांनी लाकडी दांडा कमानीला लावला आणि मुंगी सरकावी तसं ढकललं.

"जोरात."

ढकललं. पाणी काठाला चापट मारून आलं. कमान जागची हलली नाही.

"आता डोळे उघड आणि ढकल," ताई म्हणाली.

मग मासे परत सोडले, आणि ताईच्या हट्टानं कोळंबीही. खुर्ची मात्र उंबऱ्याशीच राहिली. या वेळी ताईनं टाच रेटली नाही, एक इंचही नाही. ती वाट बघत होती. सुट्टीच्या दिवशी भाऊजींनी ती खुर्ची स्वतः उचलून टाकीसमोर नेली, आणि तिच्याआधी आपण बसले. गुडघे आवळून, हात मांडीत धरून, सकाळपासून. मी चहा घेऊन गेले, चहा निवला. मी विचारलं, "काय दिसतंय भाऊजी?"

"काच," ते म्हणाले.

ताईनं धड असलेल्या हातानं कपाळ बडवून घेतलं. संध्याकाळी ते उठले, तिला खांद्याचा आधार देऊन आणलं, बसवलं, आणि पाठ न वळवता मागे मागे जात खोलीबाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात गेले, आणि जेवणाच्या आधीच माझा फोन वाजला.

"वहिनी, ती फोन उचलत नाहीये."

जिना मी कसा चढले मला माहीत नाही. दारासमोर उभी राहिले, आत चिटपाखराचा आवाज नाही. किल्ली भोकात जाईना. आधी मी वाकले आणि दाराच्या फटीखाली हात घालून फरशी चाचपली. कोरडी. मग कुठं किल्ली फिरली.

ताई खुर्चीत होती. फोन पलंगावर राहिला होता. तिनं बोटानं मला खूण केली, इकडे ये. कमानीच्या पायाशी कोळंबीनं वाळूचा ढीग बाहेर ओतला होता. खालची पांढरी जाळी उघडी पडलेली दिसत होती, आणि तिच्यावर दगडाचा तीन पायांचा बुडखा. वाळू येतच होती.

"वहिनी?" माझ्या हातातून आवाज. "बोला ना."

"कोळंबी परत खोदतेय."

"किती?"

"जाळी दिसतेय."

"आणि दगड?"

मी गुडघ्यांवर बसले आणि खूप वेळ बघितलं, त्यांनी बघितलं असतं तसं. "जागेवर आहे," मी म्हटलं.

"आणि ती?"

"तीही."

पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक हाका मारत होतं. भाऊजी ओ देत नव्हते. "जरा बसता का तिथं?" ते म्हणाले. "थोडा वेळच."

मी स्टूल ओढलं आणि ताईशेजारी बसले. ताईनं हात पुढे केला, मी फोन दिला. तिनं तो कानाला लावला. नुसती ऐकत राहिली, नजर दगडाच्या बुडाशी. बऱ्याच वेळानं म्हणाली, "ठेव आता. मी बघतेय."

त्यांनी ठेवला नाही. तिनंही नाही.